पान अकरा, वाळूची पट्टी

सर, तुम्हाला जाऊन चोवीस दिवस झाले आणि मी अजून नीट रडलेले नाही. मी घाबरलेली आहे. फोन वाजला की दोनदा नाव वाचते, मगच उचलते. दारात कुणी उभं राहिलं की आधी चेहरा बघते, काय म्हणतात ते मग ऐकते. परवा शाळेत एक मुलगी वर्गात उशिरा आली, तर मी तिचा हात धरून विचारलं, कुठं होतीस. ती बिचारी पाणी प्यायला गेली होती.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "बाई, तुमी घाबरायचाच पगार घेताय." स्टाफरूममध्ये हे वाक्य तुम्ही इतक्यांदा म्हणालात की शिपाईसुद्धा मला बघून हसायचा. खरंच आहे ते. मी गॅस बंद केलाय का बघायला दोनदा घरी परत जाते. कृष्णेला पाणी वाढलं म्हटलं की पहिल्याच दिवशी गाद्या माळ्यावर टाकते. महापुरात आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं, तेव्हापासून तर विचारूच नका. पण ही भीती तसली नाही. या वेळी मला माझ्याच हातून झालेल्या गोष्टीची भीती वाटते. ती गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, असं म्हणणंही खरं नाही. तुम्ही विचारलं होतं, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले.

आपण दोघांनी मिळून केलेल्या, बेटांवरच्या पुस्तिकेतलं पान अकरा. त्यावरचं एक वाक्य माझं आहे, आणि त्या वाक्यावर भरवसा ठेवून चाळीस मुलं समुद्रात निघाली होती.

सगळं पहिल्यापासून सांगते. तुम्हाला यातलं बरंचसं माहीत आहे, पण हा मजकूर शाळेच्या अंकात छापायचा आहे, आणि वाचणाऱ्यांना माहीत नाही.

तुम्ही भूगोलाचे, मी मराठीची. सांगलीच्या एकाच शाळेत वीस वर्षं शेजारच्या खुर्च्या. तुम्ही म्हसवडकडचे, माण तालुक्यातले. तुमच्या गावात पाणी टँकरनं यायचं, आणि तुमची आई भांडी धुतलेलं पाणी शेवग्याच्या बुंध्याला घालायची, हे तुम्ही नववीच्या प्रत्येक तुकडीला सांगितलंत. असल्या माणसाला समुद्राचं वेड लागावं, तेही तिशी उलटल्यावर. शाळेची सहल घेऊन तळकोकणात गेलात, तिथं किनाऱ्यापासून थोडी आत पाच बेटं दिसली, आणि मग दर हिवाळ्यात तुम्ही तिकडेच. वहिनी म्हणायच्या, दुसऱ्या बाईचा नाद असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जातील एवढीशी ती बेटं. नकाशात त्यांना नावंसुद्धा नाहीत. नावं मच्छीमारांनी दिलेली: वाटेचं, थोरलं, पाखरांचं, दिव्याचं आणि आंधळं. आंधळं म्हणजे पाण्याखालचा खडक. मोठ्या ओहोटीला त्याचं डोकं तेवढं वर येतं, एरवी तिथं नुसता फेस. दिव्याच्या बेटावर जुना मनोरा आहे. दिवा आता आपोआप लागतो, आणि दिवेवाल्याच्या खोलीत शेळ्यासुद्धा राहत नाहीत. पाखरांच्या बेटावर गुहा आहे, आणि तिच्या छताला पाकोळ्यांची घरटी चिकटलेली. पाकोळ्या ती स्वतःच्या लाळेनं बांधतात. त्या घरट्यांना परदेशात मोठा भाव, म्हणून लोक ती कधीकाळी दोरीला लटकून चोरत असत. हे तुम्ही मला गुहेच्या तोंडाशी, हलत्या होडीत उभं राहून सांगितलंत. मी होडीचा काठ दोन्ही हातांनी धरून बसले होते. मला तेव्हा घरटी दिसली नाहीत आणि भावही ऐकू आला नाही.

किनाऱ्याला सगळा तांबडा जांभा, आणि बेटांवर मात्र करडा, कठीण, उन्हात चमकणारा दगड. तुम्ही खिशातली छोटी हातोडी काढून टकटक केलंत आणि लहान मुलासारखे हसलात. "आपला काळा कातळ न्हवं ह्यो. ह्यो लय म्हातारा हाय बाई, सह्याद्रीच्या आजाचा आजा." मी ते वहीत लिहून घेतलं. पुस्तिकेत आहे ते, पान चारवर. तुमच्या भाषेत नाही, माझ्या भाषेत. आता वाटतं, तुमच्याच भाषेत ठेवायला हवं होतं.

तुमचा खरा जीव अडकला होता तो थोरल्या बेटावरच्या विहिरीत. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मध्ये पायऱ्यांची, हातभर रुंदीच्या दगडांनी बांधलेली गोड्या पाण्याची विहीर. पहिल्यांदा तुम्ही ओंजळभर पाणी प्यालात आणि डोळे मिटलेत. मग म्हणालात, "चारी अंगानं खारं आन् मधी गोडं. आमच्या गावात चारी अंगानं जमीन, आन् मधी काय न्हाई."

त्या विहिरीवरून आपण किती भांडलो. मला जाणून घ्यायचं होतं, ती कुणी बांधली. शेजारी जुन्या चौकीच्या भिंती आहेत, होड्या बांधायचा भोकाचा दगड आहे, खालच्या पायरीवर झिजलेलं कमळ आहे. मी म्हणत होते, आरमाराच्या काळातली असणार, तसं लिहूया. तुम्ही म्हणत होता, कागद दाखवा. माझ्याकडे कागद नव्हता. "मग ठावं न्हाई आसं लिवा की. त्यात लाज कसली?" तुम्हाला पाणी कुठून येतं ते सांगायचं होतं: पावसाचं पाणी खडकात मुरतं, गोडं पाणी हलकं, ते खाली शिरलेल्या खाऱ्यावर बसून राहतं, उपसा फार केला तर खारं वर येतं. मी म्हणायचे, पाणी कुठूनही येवो, पायऱ्या माणसानंच घडवल्या ना? शेवटी दोन्ही छापलं. तुमचं पाणी अर्धं पान, आणि त्याखाली माझी एक ओळ, ही विहीर कुणी बांधली ते माहीत नाही. तीस वर्षं मराठी शिकवून 'माहीत नाही' लिहायला मी तुमच्याकडून शिकले. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले, ते आत्ता मानते.

आता पट्टीकडे येते.

वाटेचं बेट किनाऱ्याच्या सगळ्यात जवळचं. ओहोटी पुरी लागली की किनारा आणि बेट यांच्यामध्ये वाळूची पट्टी उघडी पडते आणि पायी जाता येतं. आपण गेलो होतो. तुम्ही पुढं, मी मागं चपला हातात घेऊन, दोन्ही बाजूंना पाणी, आणि मी सबंध वाट "सर, परत फिरूया" म्हणत होते. निघायच्या आधी किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या म्हातारीनं हटकलं होतं. "तिथी बघल्याशिवाय थंय पाय घालू नकात हां." तुम्ही तिच्याशेजारी वाळूत बसलात आणि तिनं सांगितलेलं सगळं टिपून घेतलंत.

तुमचं टिपण मला पाठ आहे, आता तर झोपेतसुद्धा म्हणेन. मार्गशीर्ष वद्य तृतीया, सकाळी सात ते साडेआठ पट्टी उघडी. दर तिथीला वेळ पाऊण तास पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास पट्टी उघडतच नाही. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय जाऊ नये.

मी पक्की प्रत करताना तिथी काढून टाकल्या.

का काढल्या, तेही इथं लिहिते. आमच्या घरात पंचांग नव्हतं. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातलं पंचांग, मुहूर्त, राहुकाळ सगळं त्या दिवशी बाहेर गेलं. वडील सांगायचे, आपल्याला कुणी तिथी सांगून शेवटच्या पंगतीत बसवायचं नाही. 'वद्य तृतीया' असा शब्द माझ्या हातानं छापायला मला जड गेलं. वर मी तुम्हाला साळसूदपणे सांगितलं की आजकालच्या पोरांना तिथी कळत नाही, घड्याळ कळतं.

तेव्हा तुम्ही हसलात. "बाई, ही तिथ पंचांगातली न्हवं, आभाळातली हाय. आन् तुमीबी पौर्णिमा पाळताच की वैशाखात." मी जास्तच चिडले. तुम्ही वाटसुद्धा काढून दिलीत, म्हणालात, वद्य तृतीया नको तर पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस लिहा, कुणाच्या बापाचं काय जातं. इतकं सोपं होतं. पण मी हट्टाला पेटले होते. तुम्ही शेवटी नळाचा दाखला दिलात. "समिंदर म्हंजे नगरपालिकेचा नळ न्हवं, सात ते साडेआठ पानी सोडायला. दोन दिसांनी त्येची येळ दुसरी." स्टाफरूम हसली. मीही हसले, आणि घरी जाऊन लिहिलं: 'सकाळी सात ते साडेआठ या वेळात वाळूच्या पट्टीवरून चालत वाटेच्या बेटावर जाता येते. होडी लागत नाही.'

सांगलीचं माणूस आहे मी. आमच्याकडे पाणी येतं ते सांगून येतं. पुलाची पातळी किती फूट झाली ते रेडिओवर, मोबाईलवर, भाजीवाल्याकडेसुद्धा कळतं. दोन दिवस मिळतात गाद्या वर टाकायला. आणि एरवीचं पाणी नळाला येतं, वेळेवर. समुद्रही तसाच वागेल असं मला कुठंतरी खोलवर वाटत असणार. दुसरं कारण मला तरी सापडत नाही.

मग तुम्ही आजारी पडलात. मिरजेच्या त्या दवाखान्यात चौथ्या मजल्यावर, खिडकीशेजारची खाट. मी छापखान्यातून तपासणीची प्रत घेऊन आले होते. नाकाला नळी, चष्मा कपाटात, आवाज अगदी बारीक. तुम्ही मुखपृष्ठावरून नुसता हात फिरवलात. मग विचारलंत, "पट्टीच्या पानावर तिथ्या हाईत न्हवं?"

मी म्हणाले, "हायेत सर. जशाच्या तशा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "बरं झालं." मी प्रत तिथंच टेबलावर ठेवली. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत होतं, म्हणूनच ठेवली. रिक्षात बसताना मी स्वतःला समजावलं की आजारी माणसाचं मन राखलं, एवढंच. नंतर बघू. दुसऱ्या दिवशी तुम्हाला आत, अतिदक्षता विभागात हलवलं, तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात, आणि छापखान्यानं पुस्तिका छापून टाकली.

तेराव्याला म्हसवडला आले होते. वहिनींनी ठरवलं होतं, भांडी वाटायची नाहीत, आलेल्या प्रत्येकाला सरांची पुस्तिका द्यायची. मंडपाच्या दाराशी गठ्ठे ठेवले होते. जेवून उठलेली माणसं हात पुसून एकेक उचलत होती. कुणी चाळत होतं, कुणी पिशवीत ठेवत होतं. मलाही एक मिळाली. मी ती उघडली नाही. उघडली तर रडू येईल असं मी सगळ्यांना सांगितलं.

तिथंच सारिका भेटली. तुम्हाला आठवत असेल, तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसून सारखी नकाशे काढायची ती. आता म्हसवडकडेच शाळेवर शिक्षिका आहे. माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, दत्तजयंतीला जोडून सहल काढलीय. सरांच्या बेटांवर. चाळीस पोरं हाईत, एकानंबी अजून समुद्र बघितला नाही. पुस्तक हाय न्हवं आता, त्याच्यावरच जाणार."

मी म्हणाले, "छान केलंस." तिच्या गालावरून हात फिरवला. सर, मला त्या क्षणी काहीच आठवलं नाही, शपथेवर सांगते. जी बाई गॅससाठी दोनदा घरी परत जाते तिला काही आठवलं नाही.

दत्तजयंतीच्या पौर्णिमेला मी संध्याकाळी विहारात वंदनेला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नळाखाली घागर लावली, तर नळ कोरडा. शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "आज येळ बदललीया वाटतं." मी पुटपुटले, नळालासुद्धा वेळेचं भान नाही. आणि पुटपुटता पुटपुटता माझ्या हातातून घागर सुटली.

पुस्तिका पिशवीतच होती, तेराव्यापासून न उघडलेली. पान अकरा. 'होडी लागत नाही.' घड्याळात सहा चाळीस. मी भिंतीला पाठ लावून बोटांवर मोजायला लागले, तुम्ही शिकवलं होतं तसं. काल पौर्णिमा, आज पहिला दिवस. आपण गेलो तो तिसरा. दोन तिथी मागं, म्हणजे दीड तास मागं. म्हणजे आज पट्टी सातला उघडत नव्हती, आज ती सातला बुडत होती. सारिका पावणेसातला तिथं पोचली तर तिला उघडी वाळू दिसणार, पुस्तकात लिहिलंय तशीच, आणि तिला वाटणार की अजून चांगला दीड तास हातात आहे.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी दुसऱ्याच कुणाला लागला. चौथ्यांदा तिनं उचलला. वाऱ्याचा आवाज, आणि त्यात मुलांचा कालवा.

"बाई! तुमी कशा काय एवढ्या सकाळी? बगा की, पट्टी उगडी हाय, पुस्तकात दिलीय तशी! निम्मी पोरं गेली पुढं, पाटील सर हाईत संगट..."

"परत बोलव."

"आँ?"

"सारिका, पुस्तक चुकलंय. पाणी आत येतंय. परत बोलव सगळ्यांना, आत्ता."

ती एक क्षणही थांबली नाही. फोन तिच्या हातात चालूच होता. मला शिट्टी ऐकू आली, खेळाच्या तासाची लांब शिट्टी, पुन्हा पुन्हा. मग तिचं ओरडणं, "फिरा मागं! ए, शिंपल्या टाक खाली, फिर मागं!" मी सांगलीत स्वयंपाकघरात उभी होते आणि माझ्या कानात समुद्र होता. मी काही करू शकत नव्हते. तुमचं नाव घेत होते की देवाचं की आणखी कुणाचं, ते आठवत नाही. मग ती मोजायला लागली. एक, दोन, तीन. पंधरापाशी वाऱ्यानं आवाज गेला. परत आला तेव्हा पस्तीस. छत्तीस. सदतीस, अडतीस. आणि मग काही नाही.

"सारिका?"

"दोघी अजून पट्टीवर हाईत बाई. पाटील सर आणाय गेल्यात. पाणी... बाई, पाणी पोटऱ्यापर्यंत आलंय. आत्ता तर कोरडं हुतं इथं!"

सर, मी महापुरात तीन दिवस गच्चीवर काढलेत. पाणी पायरी पायरीनं चढताना बघितलंय. त्या तीन दिवसांत जेवढी घाबरले नाही तेवढी त्या मिनिटात घाबरले. तुम्हाला सांगते, मी त्या दोन मुलींची नावं विचारली नाहीत, अजून विचारलेली नाहीत. विचारण्याची छाती होत नाही.

मग सारिका म्हणाली, "एकोणचाळीस, चाळीस," आणि रडायला लागली.

थोड्या वेळानं तिनं व्हिडिओ पाठवला. किनारा, पलीकडे वाटेचं बेट, आणि मध्ये सपाट निळं पाणी. पट्टी कुठं होती ते दाखवायला तिनं बोट पुढं केलं होतं, आणि त्या बोटाखाली नुसत्या लाटा. मागून एका मुलाचा आवाज येतो, "पण बाई, पुस्तकात तर लिवलंय की." तो व्हिडिओ मी पुसलेला नाही. रोज एकदा बघते.

त्याखाली तिनं लिहिलं होतं, 'सरांनीच तुम्हाला बुद्धी दिली बघा.' मी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तेवढ्यावर निभावून नेलं. खरं काय ते तिला सांगायला मला आणखी दोन दिवस लागले. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाई, तुमी फोन केला न्हवं." बस एवढंच म्हणाली. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी पुस्तिका गोळा करत हिंडते आहे. ज्याच्याकडे जाते तो आधी पाणी देतो, मग सरांच्या आठवणी सांगतो, आणि मला मध्येच म्हणावं लागतं, पान अकरा काढा. त्यावर मी पेननं काट मारते आणि शेजारी तुमचं टिपण लिहिते, तिथींसकट. 'वद्य तृतीया' हे शब्द आता शंभरेक वेळा माझ्या अक्षरात लिहून झालेत. पण तेराव्याला किती जणांनी किती नेल्या, त्या पुढं कुणाकुणाला दिल्या, याचा हिशेब कुणाकडे नाही. विट्यात, फलटणला, पुण्यात कुणाच्या तरी कपाटात ते वाक्य उभं आहे, आणि कुणीतरी कधीतरी पोरांना घेऊन निघेल. मला याचीच भीती वाटते आणि ही भीती संपायची नाही. म्हणून इथं छापते आहे. ज्या कुणाकडे पाच बेटांची पुस्तिका असेल, त्यांनी पान अकरावरची ती ओळ खोडावी. चूक सरांची नाही. सरांनी बरोबर लिहिलं होतं.

गेल्या आठवड्यात एसटीनं पुन्हा म्हसवडला गेले, वहिनींना सांगायला. त्या ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मी समोर बसले, चार शेंगा उचलल्या, फोडल्याच नाहीत, आणि एका दमात सगळं सांगितलं. तिथ्या काढल्या ते. दवाखान्यात खोटं बोलले ते. पट्टी, शिट्टी, दोन मुली, सगळं.

वहिनींचा हात थांबला. मग त्या म्हणाल्या, "त्यास्नी ठावं हुतं."

मला कळेना.

"त्या दिशी दवाखान्यात तुमी खाली उतरलासा, आन् मला म्हनले, पट्टीचं पान काढ, वाच. मी वाचलं. तिथ्या न्हवत्या. मी म्हनलं, बाईस्नी फोन करते. तर नगं म्हनले."

"का?"

वहिनी माझ्याकडं बघत नव्हत्या. सुपातल्या शेंगांकडं बघत होत्या. "म्हनले, बाईंनी खोटं सांगितलंय, त्येंच्या डोळ्यांत दिसलं. फोन करून लाजवू नगंस. बाई लय भितात, आज रातच्याला त्यास्नी डोळ्याला डोळा लागायचा न्हाई. सकाळच्याला उठून जातील छापखान्यात आन् करतील नीट." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "दुसऱ्या दिशी त्यास्नी आत नेलं, आन् माज्यानंबी ध्यान ऱ्हायलं न्हाई."

सर, परतीच्या एसटीत मी सबंध वाट त्या संध्याकाळचा विचार करत होते. मिरजेहून रिक्षानं घरी आले. भाकरी केली, जेवले, भांडी घासली. उद्याचा डबा काय करायचा ते ठरवलं. तुम्ही तिकडं चौथ्या मजल्यावर माझ्या भीतीवर विसंबून गप्प पडून राहिला होता, आणि मी अंथरुणावर पडले आणि मला लगेच शांत झोप लागली.